आधी सावली बघा, मग फोटो काढा

औंढा नागनाथहून बोलतेय. आज हिशोबाची वही, हप्ता, व्याज यातलं काही नाही. आज फोटोबद्दल बोलायचंय. तेही उघड्यावरच्या, उन्हातल्या फोटोबद्दल, कारण आपले बहुतेक फोटो अंगणात, शेतात नाहीतर रस्त्याच्या कडेलाच निघतात.

"फोटो काय, पोरं काढतात की," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. फोटो आता आपल्या कामाचं कागदपत्र झालंय. गटाची बैठक झाली की फोटो. कर्जातून शेळी घेतली की शेळीसोबत फोटो. घरकुलाचा पाया भरला, फोटो. स्लॅब पडला, फोटो. २०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पीक लागायला शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. रोजगार हमीच्या कामावर हजेरीही फोटोनं लागायला लागली. आणि गटाची हळद, पापड, शेवया पुण्या-मुंबईच्या बाईला विकायच्या म्हटलं, तर तिला आपला माल हातात घेऊन, वास घेऊन बघता येत नाही. तिला दिसतो तो फोटो. तिच्यासाठी फोटो हाच आपला माल.

पण हे सगळं एका बाजूला ठेवा. मला आज खरं बोलायचंय ते दुसऱ्याच कारणानं. बैठकीत फोटो काढायचा म्हटलं की दोन-तीनजणी हळूच मागं सरकतात. पदर तोंडावर ओढून घेतात. "मला नका घेऊ माय, माझा फोटो काळाच येतो." हे वाक्य मी तालुक्यातल्या इतक्या गावांत ऐकलंय की आता कोण कुठं बसलंय त्यावरून आधीच ओळखते, ही सरकणार म्हणून. ती बाई समोर बसलेली असते तेव्हा तिचे डोळे, नाक, कपाळावरचं कुंकू, हसताना पडणारी खळी, सगळं दिसत असतं. मग फोटोत ते जातं कुठं? तोंड तर तेच आहे. बदललेला असतो उजेड. कुणीतरी तिला भर दुपारी, पाठीशी पांढरंधोप आभाळ ठेवून उभं केलेलं असतं, आणि दोष ती आपल्या रंगाला देते. वर्षानुवर्षं देत आलीय.

म्हणून हे थोडं समजून घेऊ. यात अवघड काही नाही. चुलीतला जाळ कमी-जास्त करता येतो तिला उजेडही कळतो.

आपला डोळा फार हुशार आहे. ओसरीत बसलेली सासू आणि अंगणातलं कडक ऊन, दोन्ही आपल्याला एकाच वेळी नीट दिसतात. फोनच्या कॅमेऱ्याला ते तितकं जमत नाही. तो चौकटीत आलेला सगळा उजेड एकत्र करतो आणि त्याचा मध्यम धरतो. मागं मोठं लखलखीत आभाळ असलं तर त्याला वाटतं, फार उजेड आहे, कमी करावा. तो कमी करतो. आभाळ छान येतं आणि पुढं उभी असलेली बाई काळीठिक्कर होते. उलटही होतं. काळ्या दगडाच्या भिंतीचा जवळून फोटो काढला तर त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि आपला काळा दगड राखाडी दिसतो. पांढरी म्हैस आणि काळी म्हैस मिळून करडी म्हैस करायची, असा त्याचा हिशोब.

यावर पहिला उपाय फुकटाचा आहे. फिरा. बाईला फिरवा किंवा स्वतः तिच्या दुसऱ्या बाजूला जा. आभाळ तिच्या पाठीमागं नको, तुमच्या पाठीमागं हवं. तिच्या मागं काय हवं? झाड, मातीची भिंत, उसाचं नाहीतर तुरीचं रान, काहीही जे तिच्या तोंडापेक्षा जास्त चमकत नाही. दुसरा उपाय फोनमध्येच आहे. पडद्यावर तिच्या तोंडावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये तिथं एक चौकोन किंवा गोल येतो आणि शेजारी छोटासा सूर्य दिसतो. तो सूर्य बोटानं वर सरकवला की चेहरा उजळतो. इतक्या वर्षांत हा सूर्य कुणी दाखवलाच नव्हता, असं एक मावशी मला म्हणाल्या. आणि याच्याही आधीचं काम म्हणजे फोनच्या मागची काच पुसणं. आपल्या हाताला पीठ, तेल, हळद काही ना काही लागलेलं असतं. त्या बोटाचा डाग काचेवर असला की उन्हात सगळ्या फोटोवर धुकं आल्यासारखं दिसतं. पदराच्या मऊ सुती टोकानं पुसलं तरी पुरे.

आता दुपारबद्दल. आपल्याकडं मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक-दोन दिवस असे येतात की दुपारी साधारण सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान उभ्या काठीची सावलीच पडत नाही. शाळेतली लेकरं त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. सूर्य अगदी डोक्यावर. त्या उन्हात माणसाचं काय होतं बघा. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची वरची बाजू चमकते, डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली अंधार, हनुवटीखाली अंधार. वरून डोक्यावर पदर असला की त्याची सावली अर्ध्या तोंडावर. पन्नाशीची बाई सत्तरची दिसते. आणि नेमके आपले कार्यक्रम दुपारी बाराला असतात, कारण पाहुणे साडेअकराला येतात आणि सत्काराला बारा वाजतात. फोटो पाहुण्यांच्या वेळेवर निघतो, उजेडाच्या वेळेवर नाही. हे मला मनापासून खटकतं. पाहुण्यांचं भाषण होऊ द्या, पण बायकांचा फोटो सावलीत घ्या.

घड्याळ नसलं तरी चालतं. आपली सावली बघा. सावली आपल्यापेक्षा लांब असली तर सूर्य खाली आहे, ऊन तिरपं आहे, फोटोला चांगलं. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन वरून पडायला लागलं, आता सावलीत चला. औंढ्याच्या हिशोबानं मे महिन्यात सकाळी नऊच्या आत आणि दुपारी साडेतीननंतर सावली आपल्याहून लांब असते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळं भर दुपारचे दोनेक तास सोडले तर दिवसभर ऊन तिरपंच मिळतं. थंडीतले फोटो चांगले येतात असं आपण म्हणतो, त्याचं अर्धं कारण हे आहे. बाकी अर्धं, थंडीत माणसं घामाघूम नसतात.

पदराबद्दल एक सांगते. "पदर खाली घ्या म्हणजे तोंड दिसेल," असं फोटो काढणारी पोरं बिनधास्त सांगतात. जिला डोक्यावरून पदर घ्यायची सवय आहे तिला ते सांगू नये. तिला पदर घेऊनच तिरप्या उन्हाकडं किंवा उजेडाच्या बाजूला जरा वळवा. पदराच्या आत उजेड शिरतो आणि चेहरा पदराच्या महिरपीत इतका सुरेख येतो की पदर काढायला नको वाटेल.

पण उन्हाकडं तोंड करून उभं करायचं म्हणजे थेट सूर्याकडं बघायला लावायचं नाही. डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात, आणि फोटोत सगळ्या रागावलेल्या दिसतात. सूर्य एका खांद्याच्या बाजूला ठेवा. वीसजणींचा फोटो असेल आणि दुसरी जागाच नसेल तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन आकडे मोजा, तीनला डोळे उघडायचे आणि लगेच फोटो. हसूही आपोआप येतं, कारण त्या खेळाचंच हसू येतं.

सगळ्यात चांगली जागा कुठली विचाराल तर मी म्हणेन आपली ओसरी. किंवा घराच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला हातभर. डोक्यावर छप्पर, समोर उघडं आभाळ. ऊन अंगावर नाही, पण उजेड समोरून सगळ्या बाजूंनी येतो. असा उजेड चेहऱ्यावर सावल्या पाडत नाही. ढगाळ दिवशीही हेच होतं. सगळं आभाळच एक मोठी पांढरी चादर होतं. आपण म्हणतो आज ऊन नाही, फोटो चांगले येणार नाहीत. चेहऱ्याच्या बाबतीत ते अगदी उलट आहे. श्रावणात आभाळ भरून आलेलं असतं, नागनाथाच्या दर्शनाला गर्दी असते, तेव्हा काढलेले माणसांचे फोटो बघा, किती मऊ असतात.

सावली सावलीतही फरक आहे बरं का. लिंबाच्या झाडाखाली उभं केलं की पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर कोड फुटल्यासारखे डाग दिसतात. झाडाच्या सावलीच्या कडेला, जिथं कवडसे नाहीत तिथं उभं करा. आणि निळी ताडपत्री! प्रदर्शनात, आठवडी बाजारात, हळदी-कुंकवाच्या मांडवात निळी ताडपत्री ताणलेली असते. तिच्यातून उजेड गाळून येतो तो निळा होऊन. खाली बसलेल्या सगळ्या बायका आजारी दिसतात, पापड निळसर दिसतात आणि हळद हिरवट. लाल-गुलाबी कापडाच्या मांडवात तोंडं लाल होतात. स्टॉलवर माल मांडताना जमलं तर पुढची एक बाजू उघडी ठेवा आणि फोटोपुरता माल तिथं आणा. नाहीतर पांढरं कापड ताणून घ्या. हिरव्या रंगाच्या भिंतीजवळ बसलं तरी गालावर हिरवी झाक येते, तेही ध्यानात ठेवा.

उजेड एकाच बाजूनं येत असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर, चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरा. तिकडून उजेड परतून येतो आणि काळी पडलेली बाजू उजळते. मोठ्या शहरांतले फोटोवाले याच कामासाठी पैसे देऊन पांढरे पडदे विकत घेतात. आपल्या घरी धोतर आहे. स्टीलची परात मात्र धरू नका, तिचा उजेड एकाच जागी कडक ठिपक्यासारखा पडतो आणि डोळ्यात जातो.

उजेड आणायचा आणि अडवायचा, ही युक्ती फार जुनी आहे. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा लाला दीनदयाळ नावाचे मोठे फोटोग्राफर होते, सहाव्या निजामाच्या दरबारचे. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांनी परपुरुषासमोर बसायचं नाही, म्हणून तिथं फोटो काढायला बाई ठेवलेली होती. त्या काळचे स्टुडिओ दिवसाच्या उजेडावरच चालायचे. छपराला नाहीतर उत्तरेच्या बाजूला मोठ्या काचा, आणि उजेड कमी-जास्त करायला पडदे. उत्तरेची बाजू यासाठी की तिकडून थेट ऊन सहसा आत येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. तुमच्या घराला उत्तरेकडं तोंड असलेली ओसरी असेल तर तुमच्याकडं तो स्टुडिओ आहेच.

"माझा फोटो काळा येतो" याला थोडा इतिहासही आहे, तो सांगते. परदेशात कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म आली, तेव्हा प्रयोगशाळेत रंग बरोबर आलेत का हे तपासायला एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या कार्डावरच्या बाईच्या नावावरून त्याला शर्ली कार्डच म्हणायला लागले. म्हणजे रंगाचं माप घेतलं ते गोऱ्या कातडीवर. साहजिकच सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट येईनात. आणि गंमत बघा, फिल्म सुधारायला जोर आला त्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. त्यांच्या मालाचे तपकिरी रंग नीट दिसत नव्हते ना! आता फोनचे कॅमेरे खूप सुधारलेत. पण आजीच्या लग्नाच्या, आईच्या हळदीच्या जुन्या रंगीत फोटोत सगळ्या बायका काळपट का दिसतात, याचं एक उत्तर तिथंही आहे. जे यंत्र आपल्याला बघून बनवलंच नव्हतं त्यावरून आपण स्वतःला कुरूप ठरवत बसलो.

म्हणून चेहरा गोरा करणारे ते फिल्टर मला आवडत नाहीत. आमच्या एका गटानं बैठकीचा फोटो पाठवला, त्यात अकराही जणी एकसारख्या गुळगुळीत, गुलाबी. कोण कोण आहे ते ओळखायला मला वेळ लागला. सहीपुरतं अंगठ्यावर येणाऱ्या माणसाला सही शिकवतो आपण, कारण नाव तिचं तिला लिहिता आलं पाहिजे. तसंच तोंड तिचं तिचं दिसलं पाहिजे. उजेड नीट असला की फिल्टरची गरजच लागत नाही.

आता मालाकडं येऊ. आपला हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आपल्या गटांचे हळदीचे फोटो बघितले की वाईट वाटतं. कुणी भर उन्हात परातीत हळद पावडर ठेवून फोटो काढतं. वरचा सगळा थर पांढुरका पिवळा दिसतो, दाणा दिसत नाही, पीठ म्हणा की हळद म्हणा. कुणी संध्याकाळी सूर्य बुडताना काढतं. त्या वेळी सूर्याचा उजेड जास्त हवेतून तिरपा येतो, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबूस पोचतो. त्यात हळद चक्क केशरी होते. फोटो दिसायला भारी. पण त्या बाईनं केशरी हळद बघून मागवली आणि पाकिटातून पिवळी निघाली, तर ती काय म्हणेल? रंग मिसळलाय म्हणेल. पुन्हा मागवणार नाही आणि चार बायकांना सांगेल. आपण चोख माल दिला आणि बदनाम झालो, एका फोटोपायी.

हळद पावडरीचा फोटो सावलीत काढायचा. ओसरीत, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, समोरून किंवा बाजूनं उजेड येईल असा. सगळी चौकट पिवळीनं भरू नका. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो पिवळेपणा मारतो आणि हळद मेलेली दिसते. शेजारी काहीतरी पांढरंशुभ्र ठेवा. चिनी मातीची बशी, कोरा कागद, धुतलेलं धोतर. पांढरं पांढरं दिसलं की पिवळं पिवळं दिसतं. फोटो काढून झाला की फोन आणि खरी हळद शेजारी धरून बघा. रंग जुळला तर पाठवा. आणि पावडर फोटोसाठी तासभर उन्हात ठेवून देऊ नका, उन्हानं हळदीचा रंग उडतो. माल खराब करून फोटो चांगला काढण्यात काय अर्थ आहे?

हळकुंडाचं वेगळं. त्याला तिरपं ऊन चालतं, उलट हवंच. शिजवून वाळत घातलेल्या हळदीचा फोटो सकाळी सात-साडेसातला काढा, ऊन एका बाजूनं येत असताना. प्रत्येक हळकुंडाची सावली पडते, त्याच्या गाठी, वळ्या दिसतात, ढिगाला जीव येतो. दोन-चार हळकुंडं मोडून आतला रंग वर करून ठेवा. जाणकार गिऱ्हाईक तेच बघतं. प्लास्टिकच्या पाकिटावर ऊन चमकतं आणि नाव वाचता येत नाही, तेव्हा पाकीट सावलीत ठेवून जरासं तिरकं करा, चमक निघून जाते.

पाठीमागून येणारा उजेड वाईटच, असं मात्र समजू नका. पापड आणि कुरडयांना तो फार छान दिसतो. उडदाचा पापड हातात धरून सूर्याच्या बाजूला करा, ऊन त्यातून आरपार दिसतं. किती पातळ लाटलाय ते सांगावं लागत नाही. काठीवर वाळत घातलेल्या शेवया सकाळच्या उन्हासमोर धरल्यासारख्या काढल्या तर एकेक तार उजळते. फक्त सूर्य थेट काचेत शिरू देऊ नका. दुसऱ्या हाताचा पंजा फोनच्या वर छपरासारखा धरा.

शेतातल्या फोटोंना हाच तिरप्या उजेडाचा नियम लावा. अतिवृष्टीनं जमीन खरडून जाते, बांध फुटतो, तेव्हा आपण फोन घेऊन धावतो. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत खरडलेलं रान आणि चांगलं रान सारखंच सपाट दिसतं, कारण वरच्या उन्हात खड्ड्याला सावलीच पडत नाही. तोच फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन आडवं असताना बाजूनं काढला, तर पाण्यानं पाडलेली प्रत्येक घळ, उघडा पडलेला प्रत्येक दगड उठून दिसतो. पंचनाम्याला माणूस येईल तेव्हा येईल, फोटो तुमच्याकडं असू द्या. जवळून एक, लांबून एक. लांबच्या फोटोत विहीर, झाड, घर काहीतरी ओळखीचं येऊ द्या, म्हणजे रान कुणाचं ते कळेल. फोटोपायी पुरात नाहीतर विजा चमकताना रानात जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

हे तिरप्या उन्हाचं खरं बघायचं असेल तर आपल्या नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती बघा. लांबून माणसं येतात, दुपारी दर्शन झालं की देवळासमोर उभं राहून फोटो काढतात आणि निघून जातात. काळ्या दगडावरची शिल्पं त्यांच्या फोटोत नुसता काळा ठोकळा असतात. ज्या भिंतीवर ऊन नुकतंच सरकायला लागलंय, तिथं थांबून बघा. ऊन भिंतीला घासत जातं तेव्हा हत्तीची सोंड, मूर्तीच्या गळ्यातला हार, बोटांची नखंसुद्धा वर येतात. अर्ध्या तासानं ते पुन्हा सपाट होतं. दगड तोच, कारागीर तोच. ज्यांनी ते कोरलं त्यांनी हे ऊन बघूनच कोरलं असणार, असं मला नेहमी वाटतं. गाभाऱ्यात मात्र फोन खिशात. तिथं दर्शन घ्यावं.

उजेडाचं हे मोठं काम आता आपल्याच तालुक्यात येतंय. दुधाळ्याजवळ लायगो नावाची प्रयोगशाळा उभी राहणार आहे, केंद्र सरकारनं २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेझरचा उजेड पाठवून, आकाशातून येणाऱ्या अतिशय बारीक लहरी मोजायच्या, असं ते काम. सगळं मलाही समजत नाही. पण उजेड कुठून येतो आणि परत कसा येतो हे नीट बघितलं की न दिसणारं दिसतं, एवढं मात्र पांढरं धोतर धरतानाही कळतं.

शेवटचं सांगते आणि थांबते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचा फोटो आहे का? आधार कार्डावरचा सोडून. रेशन कार्डावरचा सोडून. लग्नाच्या घोळक्यात मागच्या रांगेत अर्धा दिसणारा सोडून. बऱ्याच घरांत नाही. बाई गेली की मग पळापळ होते. आधार कार्डावरचा तो डोळे वटारलेला फोटो मोठा करून आणतात, फुटतो, धूसर होतो, आणि त्यालाच हार घालतात. सत्तर वर्षं ज्या घरात राबली, त्या घराच्या भिंतीवर ती ओळखू येत नाही.

तर एखाद्या सकाळी, ऊन अंगणात आलं की तिला दारात, उंबऱ्याच्या आत बसवा. तोंड अंगणाकडं. घरातला मागचा भाग अंधारात राहील, राहू द्या. हातात काहीतरी काम द्या, लसूण सोलणं, वाती वळणं, जे ती रोज करते. "फोटो काढायलोय, नीट बस," असं म्हणू नका, ती पुतळा होऊन बसेल. तिच्याशी बोलत राहा, माहेरचं विचारा. तोंडावर बोट टेकवा, छोटा सूर्य जरासा वर घ्या, आणि एक नाही, दहा-पंधरा फोटो काढा. मग तिला दाखवा. तिला आवडेल तो ठेवा, न आवडलेले तिच्या समोर पुसून टाका. गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा असेल तर तिला विचारून टाका.

आणि तो फोनमध्येच ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, पोरं फोन बदलतात, फोटो जातात. बाजारच्या दिवशी जाल तेव्हा त्याची प्रिंट काढून आणा आणि मागच्या बाजूला तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरचं नावही.

पुढच्या वेळी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. नमस्कार.